कोरड्या डोक्यानं

दोन हजार तेवीस साली, मी बहात्तर वर्षांचा असताना, लातूरच्या एका दवाखान्यात माझं डोकं मशीनला लावलं. शाळेच्या दाखल्यावर माझं वय थोडं कमी आहे, पण तो दाखला गुरुजींनी अंदाजानं भरला होता. माझी माय सांगायची ते वय मी धरतो.

मशीनला लावायचा हट्ट माझ्या मुलीचा. ती मेंदूतल्या विजेवर संशोधन करते, त्यातही फेफऱ्यावर. हे एवढं एक वाक्य नीट सांगता यायला मला लई वर्षं लागली, आणि ती वर्षं कशी गेली ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव अहमदपूर आणि लोह्याच्या मधलं. मुलगी गावच्या शाळेत होती तेव्हा तिच्या वर्गातल्या एका मुलीला फेफरं यायचं. एकदा ती मुलगी प्रार्थनेच्या रांगेतच पडली. हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला. कोणीतरी नेहमीप्रमाणे पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. थोड्या वेळानं ती मुलगी शुद्धीवर आली आणि सगळ्यांचं समाधान झालं. आमच्या मुलीचं झालं नाही. घरी येऊन दप्तर न उतरवताच तिनं मला धरलं.

"आबा, चप्पल लावल्यावर ती कशी काय उठली?"

"उठती. वास जातो डोक्यात."

"न लावता बी उठली असती का?"

"मला काय माहीत? हातपाय धू, जेव."

"न लावता कुणी बघितलंय का?"

मी उठून गोठ्यात गेलो. माणूस चारचौघांत पडल्यावर चप्पल न लावता बघत कोण उभं राहील? पण हाच प्रश्न ती पुढं आयुष्यभर वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिली, आणि त्याला पगार मिळतो हे मला फार उशिरा कळलं.

दहावीला मार्क चांगले पडले. आमच्या भागात मार्क चांगले पडले की पुढं काय, हे कोणाला विचारावं लागत नाही. लातूर नाहीतर नांदेड, दोन वर्षं क्लास, मग डॉक्टर. तिला नांदेडला ठेवली. पंधरवड्यातून एकदा मी एसटीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जायचो. त्या गल्लीत खोलीखोलीत डॉक्टर होणारी पोरं कोंबलेली, भिंतीभर पाठांतराचे कागद. तिचा नंबर लागला, तोही सरकारी कॉलेजात. गावात पेढे वाटून झाले. आणि ही बाई पेढ्याचा रिकामा खोका हातात असताना मला म्हणते, "मला डॉक्टर न्हाई व्हायचं."

"मग काय व्हायचं?"

"मेंदू कसा चालतो ते बघायचंय."

"डॉक्टर होऊन बघ की."

"डॉक्टरला पेशंट बघावा लागतो, आबा. मला मेंदू बघायचाय."

लोकांच्या पोटात गेलेले पेढे परत मागता येत नाहीत. मी तिच्याशी बोलणं सोडलं. तीही बोलेना. जिद्द माझीच, ती दुसरीकडून कुठून आणणार? शेवटी तिची आई मध्ये पडली. "दोघं बी आधी जेवा, मग भांडा," म्हणाली. जेवलो. भांडण करायचं राहूनच गेलं आणि ती बीएस्सीला गेली.

पुढं दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात संशोधनाला लागली. तिथं काय करायची, तर उंदराचा मेंदू काढायचा, भाकरीच्या पापुद्र्याहून पातळ त्याचे काप करायचे, ते मिठाच्या पाण्यात जिवंत ठेवायचे आणि काचेची सुई घालून आतली वीज मोजायची. मी एकदा जाऊन बघून आलो. थंडगार अंधारी खोली, आणि दुर्बिणीला डोळे लावून बसलेली माझी मुलगी. बापाला बघून उठावं, पाया पडावं, तर म्हणते, "जागचे हलू नका आबा, सुई निघंल." मी बराच वेळ खांबासारखा उभा. समोर पडद्यावर एक सरळ रेघ. मधूनच ती रेघ उडायची आणि ही खूश व्हायची. "बोलला," म्हणायची. मी विचारलं, कोण बोलला? मेंदूचा एक कण बोलला म्हणे. शेतातली मोटार चालू करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळं वीज म्हणजे काय ते मलाही कळतं. पण जिच्यानं दिवा लागत नाही की पाणी चढत नाही, अशा विजेपायी कोणी तरुणपण घालवावं हे मला पटेना. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही.

दिवाळीला घरी आली की गल्लीतल्या बायका गुडघे घेऊन दारात. नावापुढं डॉक्टर लागलं होतं ना.

"बाई, एखादी गोळी दे गं, जिना चढवंना."

"मी गोळ्यांची डॉक्टर न्हाई, काकू."

"मग कशाची?"

"उंदराची," मी एकदा वैतागून बोललो. ते गावात पसरलं आणि पुढं किती तरी दिवस लोक मला कोठीतल्या उंदरांवर औषध विचारायचे.

चार वर्षं खपून तिचा एक लेख छापून आला. इंग्रजीत होता. मी म्हणालो, सगळा नको वाचू, शेवटी काय निघालं तेवढं मराठीत सांग. तिनं वाचून सांगितलं, "यावरून असं असू शकतं, असं वाटतं."

"असू शकतं?"

"हाव."

"हाय का न्हाई?"

"आज तरी एवढंच म्हणता येतंय, आबा."

मला राहून राहून वाटायचं की चार वर्षांत मी विहीर खोदली, बांधली, तिच्यावर मोटार बसवली, आणि पाणी आहे की नाही हे मला कोणाला 'वाटतं' म्हणून सांगावं लागलं नाही.

मग काही वर्षं परदेशात गेली. तिथं तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. जावई चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोकांची पोरं तिकडं गेली की तिकडचीच होतात आणि आईबाप मिरवतात. आमची परत आली, आणि तीही कुठं, तर लातूरला. तिथल्या एका दवाखान्याशी जोडून तिनं काम काढलं. खेड्यापाड्यातल्या फेफऱ्याच्या माणसांना गोळा करायचं, डोक्याला तारा लावून मेंदूची वीज कागदावर उतरवायची, कोणाला कुठून झटका सुरू होतो ते शोधायचं. आमच्याकडं फेफरं लपवून ठेवतात, पोरीचं तर जास्तच. त्यामुळं ती घरोघर फिरून लोकांच्या विनवण्या करायची. परदेशातला पगार सोडून हे. मी विचारलं, "तिकडं फेफरं येत न्हाई का कुणाला?" तर म्हणाली, "येतं की. पर तिकडं बघणारे बी लई हायत."

एकदा मात्र तिनं मला नीट समजावून सांगितलं होतं, ते इथं लिहितो. म्हणाली, "आबा, मेंदू म्हणजे ग्रामसभा. जो तो आपापलं बोलत असतो. कुणी पाण्याचं, कुणी रस्त्याचं. गोंगाट असतो, पर त्यातूनच काम होतं. झटका म्हणजे काय, तर सगळ्यांनी मिळून एकदम एकच घोषणा द्यायची. मग काम बंद." मी म्हणालो, आमच्या ग्रामसभेत तसंही काम होत नाही. ती हसली. पण मला ते कळलं होतं.

एवढं सगळं झाल्यावर आता माझं.

आमचं घर गावात आणि शेत मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. त्या रस्त्यावरून नांदेड-लातूरच्या गाड्या वाऱ्यासारख्या जातात. मी रोज मोटारसायकलवर शेतात जायचो, मागं बायको बसायची. मोटारसायकल मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, कोणाच्या शिकवण्याशिवाय. गावात माझ्या वयाचे बाकीचे पोरांच्या मागं बसून फिरतात, नाहीतर पारावर बसून कोणीतरी नेईल याची वाट बघतात. मला कधी कोणाची वाट बघावी लागली नाही.

त्यातच साल-दीड सालापासून बायकोला गाडीवर बोलायची सवय लागली होती. आधी ती गाडीवर गप्प बसायची, पदर दातात धरून. आता गाडी निघाली की तोंड सुरू. हे रान कुणाचं? सोयाबीनचा भाव काय निघाला काल? आज वार कोणता? ज्या रानाशेजारून सगळा जन्म गेला, ते रान कुणाचं म्हणून विचारायची. मी उत्तर दिलं नाही की पुन्हा विचारायची, वरून पाठीत चिमटा. मी बेजार झालो होतो. एकदा तर तिच्या या बडबडीपायी गाडी रस्ता सोडून बाभळीत गेली. घरी मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

पुढं येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आली. येळवशीला आम्ही सगळे शेतात जेवतो. ज्वारीच्या कडब्याची खोप करायची, पूजा करायची, मग पालेभाज्या आणि शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि माठातलं आंबील. मुलगी लातूरहून आली होती. मी तिच्या पेल्यात आंबील ओतत होतो. एवढं मला आठवतं. नंतरचं आठवतं ते म्हणजे माझं धोतर ओलं झालंय, तांब्या खाली पडलाय, आणि मुलगी मनगटावरच्या घड्याळात बघतेय.

"काय बघायलीस?" मी म्हणालो.

"आबा, मी तुमाला आत्ता काय विचारलं?"

"जेवा म्हणालीस."

"न्हाई. तुरीचं विचारलं. तुमी शर्टाची गुंडी चाचपत होता अन् तोंडात काही नसताना चावत होता."

"विचारात होतो."

"कसल्या?"

"माणसाला विचार करायला बी तुझी परवानगी लागती का?"

"किती दिवसांपासून होतंय हे?"

"ते तुझ्या उंदरांना विचार जा."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं घड्याळ बघितलं होतं, हेच मला खुपत होतं. बापाच्या अंगावर आंबील सांडलं तर आधी फडकं आणावं. हिनं आधी वेळ मोजली. मी आजवर कुणाच्या मोजण्यात आलो नव्हतो.

त्या दिवशी खोपीतच भांडण झालं. तिचं म्हणणं, हेही फेफरंच आहे, माणूस पडलाच पाहिजे असं नाही, मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होऊन तिथंच थांबतं. मशीन लावून बघूच, औषधानं बरं होतं, पण तोवर गाडी बंद. माझं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाचं चित्त जरा इकडंतिकडं होतं, त्याला लगेच नाव ठेवायचं कारण नाही. शेवटी मी म्हणालो, "ठीक हाय. लाव तुझं मशीन. कागद साफ निघाला तर गाडीचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. काही निघालं तर मी गाडीला हात लावणार न्हाई."

"एकदा साफ निघालं म्हणजे काही न्हाई असं होत न्हाई, आबा."

"म्हणजे निघालं तरी तू खरी, न निघालं तरी तूच खरी?"

तिनं पडलेला तांब्या उचलून सरळ ठेवला. मग म्हणाली, "बरं. तुमी म्हणता तसं." तिच्या कामाच्या हिशेबानं हा करार चुकीचा होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण नाही म्हणाली असती तर मी गेलोच नसतो.

तारीख ठरली. तिनं फोन करून करून सांगितलं: आदल्या रात्री कमी झोपा, सकाळी डोकं धुवा, डोक्याला तेल लावू नका. हे शेवटचं तर तिनं तिच्या आईला वेगळं सांगितलं, मला वेगळं.

आता आमच्याकडं कोरड्या डोक्यानं घराबाहेर पडत नाहीत. घरात कोणी गेलं, सुतक लागलं, की तेवढे दिवस डोक्याला तेल नसतं. मला तेलाशिवाय एसटीच्या थांब्यावर उभं बघितलं असतं तर अर्ध्या गावानं विचारलं असतं, कोण गेलं? सकाळी मी डोकं धुतलं, कपडे केले. चपला घालताना बायको खोबरेलाची बाटली घेऊन आली.

"लेकीनं नको म्हणलंय," मी म्हणालो.

"लेकीला काय जातंय म्हणायला? असं भुंडं डोकं घेऊन तिच्या दवाखान्यात जाणार का? लोक म्हणतील, बापाला तेल बी मिळत न्हाई."

मलाही तेच वाटत होतं. आणि डोकंच दाखवायला चाललोय, तर ते नीट करून न्यायला नको? मी खाली वाकलो. तिनं चांगलं तळहातभर ओतलं आणि कपाळावर ओघळ येईपर्यंत जिरवलं.

बायकोही बरोबर आली. दवाखान्यात मशीनवर एक तरुण बाई होती. माझ्या मुलीला डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगितलं होतं, घरच्या माणसानं मध्ये यायला नको म्हणून. त्या बाईनं मला खाटेवर निजवलं, केसांत भांग पाडून पाडून पांढरा चिकट मलम लावायला घेतला, आणि त्यात एकेक तार बसवायला. एक बसवली की आधीची निसटायची. दाबून बसवली की गालावर यायची. तिनं बोटं नाकाला लावली.

"आजोबा, तेल लावलंय?"

"लावलंय."

"लावू नका म्हणून सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं."

तिनं बोटं फडक्याला पुसली. तशाच तारा धरून तिनं मशीन चालू केलं. पडद्यावर कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तशा रेघा. ती म्हणाली, "यातलं काहीच वाचता येणार नाही. धुऊन या, नाहीतर पुढची तारीख घ्या."

मी उठून बसलो. "म्हणजे काही निघालं न्हाई."

"वाचताच येत नाही म्हणते मी."

"तेच. निघालं न्हाई." मी तारा काढायला लागलो. गाडी माझी राहिली होती आणि माझ्या मनात कसलीच बेइमानी नव्हती. कागदावर काही निघालं नाही, हे तिथल्याच माणसानं सांगितलं होतं.

एवढ्यात मुलगी आत आली. तिनं माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या आईकडं. कपाळाला हात लावला आणि खुर्चीत बसली.

"पयल्या वर्षी माझे निम्मे कागद असेच वाया गेले," ती म्हणाली. "डोकं दाखवायचंय म्हणून लोक मुद्दाम तेल चोपडून यायचे. गावोगाव जाऊन मी सांगत फिरले, तेल लावू नका, तेल लावू नका. अन् माझ्या घरचं माणूस तेच करून आलं."

"मी लावलं," तिची आई म्हणाली. "मी हाय तोवर ते कोरड्या डोक्यानं भाईर जाणार न्हाईत."

मुलगी उठली. त्या बाईच्या टेबलाच्या खणातून तिनं शाम्पूच्या पुड्यांची माळ काढली. तिथं त्या ठेवलेल्याच असतात, असंच होतं म्हणून. "चला, आबा."

"कुठं?"

"नळाखाली."

"मी धुतो माझं."

"तुमी नुसतं पाणी घ्याल."

खरं होतं. मी तेच करणार होतो.

मागच्या खोलीत एक नळ होता, खाली बादली. तिनं बाह्या सारल्या, माझ्या मानेवर हात ठेवला आणि मान खाली दाबली. मी आजवर कुणापुढं मान वाकवली नाही, असं मी नेहमी म्हणतो. तलाठ्यापुढं नाही, सावकारापुढं नाही. इथं पोटच्या पोरीनं बादलीवर वाकवली. थंडीचे दिवस, पाणी गार. दारातून बायको म्हणत होती, "अगं हळू, बाप हाय तो."

"बाप हाय म्हणूनच," मुलगी म्हणाली आणि दुसरी पुडी फोडली.

तिची बोटं माझ्या सगळ्या डोक्यावरून फिरली. मला नंतर जाणवलं ते हे, की ती चाचपडत नव्हती. बायको तेल लावते तेव्हा हात कसाही फिरतो. हिची बोटं कुठून कुठं जायचं ते ठरवून चालली होती. वर, मागं, कपाळाच्या कडेनं. डाव्या कानाच्या वर येऊन ती जरा थांबली.

"तिथं काय हाय?" मी वाकूनच विचारलं.

"तेल हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा चोळायला लागली.

पुन्हा खाटेवर. आता तारा बसल्या. डोळे मिटा, उघडा, जोरजोरात श्वास घ्या, मग डोळ्यांवर दिव्याची उघडझाप. आदल्या रात्रीचं जागरण होतं, मला मध्येच झोप लागली. त्यांना तेच पाहिजे होतं म्हणे.

मग डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. डॉक्टर वयानं मुलीएवढाच. पडद्यावर आता रेघा नीट होत्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या एकीखाली एक. डॉक्टर त्या सरकवत होता. माझी मुलगी मागं भिंतीला टेकून उभी. आजवर मला नको असताना तिनं मला सगळं समजावून सांगितलेलं आहे. उंदराचं, मिठाच्या पाण्याचं, ग्रामसभेचं. जेवताना सांगितलंय, फोनवर सांगितलंय. त्या दिवशी तिचाच विषय, समोर तिच्याच बापाचं डोकं, आणि ती एक शब्द बोलेना.

"बोल की," मी तिला म्हणालो.

तिनं मान हलवली. बोलला तो डॉक्टर. "काका, हे बघा. बाकी ठीक आहे. या डाव्या बाजूला, कानाच्या वर, रेघेला मध्येच टोक येतं. काट्यासारखं. हे बघा, इथं पण. झोपेत जास्त आलंय." मग माझ्या बायकोकडं वळला. "काकू, तुम्ही कधी बघितलंय का यांना असं गप्प होताना?"

मी म्हणालो, "तिला काय विचारता? तिला त्यातलं काय कळतंय?"

"बघितलंय की," बायको म्हणाली. "लईदा. घरी बी होतं. गाडीवर बी होतं."

"गाडीवर तुम्हाला कसं कळतं? तुम्ही मागे बसता ना?"

"म्हणून तर बोलत राहते. हे रान कुणाचं, आज वार कोणता, काही बी विचारायचं. उत्तर आलं की कळतं, माणूस जागेवर हाय. न्हाई आलं की पुन्हा विचारायचं, मग चिमटा घ्यायचा. थोड्या वेळानं येतात परत."

डॉक्टर लिहायचा थांबला. मी बायकोकडं बघितलं.

"मागं गाडी बाभळीत गेली," ती म्हणाली, डॉक्टरला, माझ्याकडं न बघता. "यांनी सांगितलं कुत्रं आडवं आलं. कुत्रं नव्हतं."

"तू मला बोलली का न्हाईस?" मी म्हणालो.

"बोलून ऐकलं असतं का?"

चिमट्यानं माणूस परत येत नाही, तो आपल्या वेळेनं येतो, हे माझ्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. न चिमटा घेता कधी बघितलंस का, असं ती दुसऱ्या कोणालाही विचारल्याशिवाय राहिली नसती. तिनं विचारलं नाही. आईच्या जवळ जाऊन उभी राहिली फक्त.

डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. गाडी, विहिरीचा काठ, एकट्यानं पाण्यात उतरणं बंद. औषध लागू पडलं तरी गाडीचं नाव इतक्यात काढायचं नाही. मुलीनं आम्हाला बसस्टँडवर सोडलं. करार झाला होता, आणि करारात ती जिंकली होती, पण तिनं गाडीचा ग सुद्धा काढला नाही. नुसतं म्हणाली, "पोचल्यावर फोन करा." मला तर वाटतं, तिनं चार शब्द सुनावले असते तर मी तिथंच उलटून बोललो असतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली असती.

एसटीत बसल्यावर मी बायकोला माझी बाजू सांगितली. मी म्हणालो, रात्रभर जागवलेल्या माणसाचं डोकं कसं ठीक निघंल? गार पाण्यानं धुतल्यावर कुणाच्याही रेघेला काटे येतील. उद्या त्या डॉक्टरलाच त्या खाटेवर निजवा अन् बघा. मी शिरूर ताजबंद येईपर्यंत बोलत होतो. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "झालं का?"

"झालं."

"उद्या गाडी काढायची तर काढा. मी न्हाई म्हणणार न्हाई. पर तुमी गाडी काढली की मी मागं बसणार."

"तू कशाला? तू जीपनं ये."

"मग चिमटा कोण घेईल? तुमी चालवणार असला तर मी मागं बसणारच. रस्ता ओलांडताना बी. आता काय करायचं ते तुमचं तुमी ठरवा."

चौथी शिकलेला असलो तरी आजवर मला बोलण्यात कुणी गप्प केलं नव्हतं. अहमदपूर आलं, गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर गोळी घेतली आणि गाडी अंगणात काढली. बायको भाकरीचं गाठोडं घेऊन दारात येऊन उभी राहिली, मागं बसायच्या तयारीनं, पदर खोचून. मी गाडी स्टँडवर लावली, खाली कॅन ठेवला, टाकीची नळी काढली आणि सगळं पेट्रोल कॅनमध्ये सोडलं. तुरीवर फवारणी करायची होतीच आणि फवाऱ्याला पेट्रोल लागतं, तसं मी तिला सांगितलं. मग कॅनचं झाकण घट्ट लावलं, तो उचलला, आणि शेताच्या वाटेला पायी लागलो.